ताईच्या गाडीचे मागचे ब्रेक

आमच्या ताईला "आता पुरे" म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत असे. मग तिची गाडी चढावर मागे घसरली आणि असं म्हणणारे भराभर जन्माला आले. शेजारी झाले, गॅरेजवाला झाला, चुलत घराण्यातल्या ज्यांनी वर्षानुवर्षं तोंड दाखवलं नव्हतं ते झाले, आणि सगळ्यांच्या पुढे तिचा पोटचा मुलगा. ज्यांना माझी जीभ माहीत आहे ते माझ्यासमोर गप्प बसले. बाकीच्यांचा मी समाचार घेतला. पण माणसांचा समाचार घेऊन गाडी थांबत नाही, म्हणून पुढचं सगळं आम्हा दोघी म्हाताऱ्यांना करावं लागलं.

आधी ताई कोण ते सांगते. ताई म्हणजे माझी थोरली सख्खी बहीण, आणि धंदा म्हणाल तर लोकांना गाडी शिकवणं. एक बाई, एक गाडी, एवढीच शाळा. पाटी नाही, जाहिरात नाही. मोठ्या शाळांमध्ये ज्यांना ओरडून ओरडून रडवलेलं असतं, पन्नाशी उलटल्यावर ज्यांना पहिल्यांदा स्टिअरिंग धरावंसं वाटतं, "तुला जमायचं नाही" असं ज्यांना घरातल्यांनी सांगून ठेवलेलं असतं, असे सगळे शेवटी ताईच्या दारात येतात. तिचे स्वतःचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, तेही लग्नानंतर तिच्याच हाताखाली गाडी शिकले आणि मरेपर्यंत त्यांनी ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही. मी मात्र कळू दिली. गल्लीतली पोरं तिला क्लचबाई म्हणतात, कारण गाडी रस्त्याच्या त्या टोकाला असली तरी "क्लच, क्लच, अगं क्लच" एवढं या टोकाला ऐकू येतं.

गाडी तिच्याइतकीच हट्टी. रंग कधीचाच उडालेला, दार लावताना उचलून लावायचं, पण इंजिन एका हाकेत उठतं. शिकवणीची गाडी असल्यामुळे तिच्यात दोन्ही सीटपुढे पेडल आहेत. शिकणारा स्टिअरिंगपाशी बसतो, ताई त्याच्या शेजारी. तिच्या पायाखालचं ब्रेकचं पेडल एका लोखंडी दांड्यानं खऱ्या पेडलला जोडलेलं आहे. तिनं पाय दाबला की शिकणाऱ्याकडचं पेडलही खाली जातं. उभा जन्म ती त्या शेजारच्या सीटवर बसलीय.

आम्ही दोघी एकाच इमारतीत राहतो, ती वर, मी खाली. माझं शिवणकामाचं दुकान रस्त्याकडच्या खोलीत, आणि त्याला लागून तिच्या गाडीची पत्र्याची शेड. मला गाडी येत नाही. तिच्या हाताखाली शिकण्यापेक्षा मी जन्मभर पायी चालेन, हे मी तिला तोंडावर सांगितलंय.

तर त्या दिवशी हॉस्पिटलमागच्या चढावर शिकवणी चालू होती. शिकणारी त्याच हॉस्पिटलातली एक नर्स. चढावर थांबायचं, हँडब्रेक ओढायचा आणि मागे न घसरता गाडी पुन्हा उचलायची, हा धडा होता. नर्सनं हँडब्रेक ओढला. गाडी क्षणभर उभी राहिली आणि मग आपली मागे निघाली. ताईनं स्वतःचं पेडल दाबलं तर ते भसकन खाली गेलं. शेवटी तिनं स्टिअरिंग हिसकून गाडी कडेच्या भिंतीला टेकवली. मागचा दिवा फुटला, कुणाला खरचटलंही नाही. नर्स खाली उतरली, फुटलेल्या दिव्याच्या काचा रस्त्यातून गोळा केल्या, आणि विचारलं की उद्याचा तास कधी. मला ती बाई तेव्हापासून आवडते.

दुखणं मागच्या चाकांत होतं. जुन्या गाडीला मागे ड्रमब्रेक. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा बिडाचा डबा. पाय दाबला की आतल्या दोन अर्धगोल पट्ट्या फाकतात आणि डब्याला आतून घासतात, तेव्हा चाक थांबतं. ताईच्या गाडीचे डबे झिजून झिजून पातळ झाले होते, आणि वर एका चाकात ब्रेकचं तेल गळून पट्ट्या भिजलेल्या. गाड्या तपासणाऱ्या ऑफिसात नेली तर तिथल्या साहेबांनी नापास केली. महिनाअखेरपर्यंत मागचे ब्रेक नीट करून आणा, म्हणाले, नाहीतर ही गाडी रस्त्यावर आणायची नाही.

गॅरेजवाल्यानं ड्रम हातात घेऊन उलटसुलट केला आणि तोंड पाडलं. घासून पुन्हा सारखा करायला आता त्यात लोखंडच उरलेलं नाही, आणि या मॉडेलचे नवे ड्रम बनायचे कधीच बंद झाले. काकू, हिला आता निरोप द्या, म्हणाला. वर हेही म्हणाला की तुमचंही वय झालं, आता जरा देवाचं नाव घ्या. मी तिथंच होते. देवाचं नाव तू घे, तुझ्या हातची गाडी चालवायची म्हणजे आम्हाला ते घ्यावंच लागतं, असं त्याला ऐकवून मी ताईला घेऊन बाहेर पडले.

पण खरा घाव मुलानं घातला. माझा भाचा दुसऱ्या गावी असतो, नोकरी चांगली, स्वभावानं गरीब. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय, त्यामुळे त्याच्यावर रागवायचा हक्क मला आहे. त्याचा फोन आला तेव्हा ताईनं आवाज मोठा करून फोन माझ्या शिवणाच्या टेबलावर ठेवला. आई, खोली रिकामी करून ठेवलीय, म्हणाला. इकडे ये, नातीबरोबर राहा, कशाला हवीय ती उरस्फोड. ताई त्याला उडवून लावत होती, नेहमीसारखी. मग तो म्हणाला, "आई, त्या दिवशी गाडीच्या मागे एखादं पोर असतं तर?"

ताईनं फोन जवळ ओढला. मीही मशीनवरचा पाय उचलला. कारण त्याचं म्हणणं खरं होतं.

"म्हणूनच ब्रेक बदलणार आहे," ताई म्हणाली. "रस्ता नाही सोडणार."

मग दोघांचं ठरलं. महिनाअखेर गाडी पास झाली तर तो पुन्हा हा विषय काढणार नाही. नापास झाली तर गाडी भंगारात आणि ताई त्याच्या घरी. फोन ठेवल्यावर मी तिच्यावर भडकले. असल्या गोष्टीची कुणी पैज लावतं का? घरदार सोडून जायचं, सुनेच्या घरात कोपरा धरून बसायचं, येईल त्याला दार उघडायचं? तुला तिथे काय, नातीची बाबागाडी ढकलायला ठेवणार? ताई म्हणाली की तू कापडाच्या ताग्यांतले पुठ्ठे कुठे ठेवतेस ते सांग, मला एक पुठ्ठा हवाय. तिचं असंच आहे. आपण आकाशपाताळ एक करावं आणि हिनं पुठ्ठा मागावा.

तिच्या डोक्यात होतं ते असं. ड्रम मिळत नाहीत ना, मग ड्रमच नको. मागेही डिस्क बसवायची, पुढच्या चाकांना असते तशी. चाकामागे फिरणारी एक सपाट लोखंडी तबकडी, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर. त्याच कंपनीच्या नंतरच्या एका जडशा गाडीला मागे डिस्क होत्या आणि हँडब्रेकही त्या कॅलिपरमध्येच होता, हे तिला ठाऊक होतं. भंगारवाल्याकडे तशी एक गाडी पुढून चेपलेली पडली होती, पण मागून धडधाकट. आम्ही दोघी तिथे गेलो आणि तबकड्या, कॅलिपर, हँडब्रेकच्या केबली, सगळं काढून आणलं. भंगारवाला भला माणूस. त्यानं स्वतःहून सांगितलं की पुढे बोनेटखाली, पेडल दाबलं की तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये ड्रमसाठी एक बारीक व्हॉल्व्ह असतो, तो पाइपात थोडा दाब धरून ठेवतो. तो काढा, नाहीतर डिस्क सुटणारच नाही आणि चाक तापेल. मागचे ब्रेक पुढच्यांपेक्षा जोरात लागले तर गाडी शेपूट फिरवते, म्हणून दाब वाटून देणारा आणखी एक व्हॉल्व्ह त्यानं त्याच गाडीतून काढून दिला.

अडचण एकच होती, पण मुळावरच घाव घालणारी. तो कॅलिपर या गाडीच्या चाकामागे बसणार कशावर? जुन्या गाडीला कॅलिपर अडकवायला कान नाहीत, भोकं नाहीत. मधे एक जाड लोखंडी प्लेट हवी. एका बाजूनं ती जुन्या भोकांवर बसेल आणि दुसऱ्या बाजूनं कॅलिपर पेलेल. गॅरेजवाल्याला विचारलं तर तो दात काढून हसला. मावशी, म्हणाला, मागचे ब्रेक म्हणजे काय ब्लाउजची बाही आहे का, ही उसवली आणि दुसऱ्याची लावली? बाही बसवणं किती अवघड असतं ते घरी जाऊन बायकोला विचार, मी म्हटलं, आणि ताईला म्हटलं, दे तो पुठ्ठा. अंगाची लाही लाही झाली होती माझ्या. नुसतं वचपा काढायचा म्हणून मी त्या कामात पडले, हे कबूल.

ताईनं चाक काढलं, ड्रम उतरवला, पट्ट्या, स्प्रिंगा, मागची पत्र्याची ताटली, सगळं सोडवून आसाचं टोक उघडं केलं. मी पुठ्ठा त्यावर दाबून भोकांचे ठसे घेतले, कॅलिपर शेजारी धरून त्याची मापं घेतली, आणि कात्रीनं नमुना कापला. हे माझं काम. कुणाची पाठ पुढे आलेली असो की एक खांदा उतरता असो, कागदावर मला बरोबर दिसतं. नमुना घेऊन आम्ही लेथवाल्याकडे गेलो. तो कमी बोलणारा माणूस, त्यानं पुठ्ठ्यावर बोट फिरवलं, मान डोलावली आणि दोन प्लेटी करून दिल्या.

प्लेट बसली. भोकं जुळली. कॅलिपर लावला आणि ताईनं तबकडी हातानं फिरवली, तर ती एका बाजूला खर्रकन घासली. चिमटीच्या मधोमध यायला हवी ती कडेला गेलेली. दुसरीकडेही तेच. ताईनं पट्टी लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग माझ्याकडे बघितलं. "तू माया सोडलीस का गं?" म्हणाली.

सोडली होती. आम्ही शिंपी लोक कापडाला चारी कडांनी माया सोडतो, शिलाईत दबायला आणि पुढेमागे उसवून वाढवायला. माझा हात कापताना आपोआप बाहेरून जातो. पुठ्ठ्यावर प्लेटची जाडी लिहितानाही मी तशीच माया सोडली होती आणि लेथवाल्यानं ती इमानेइतबारे लोखंडात उतरवली होती. ताई जमिनीवर बसून पोट धरधरून हसली. पुढे कितीतरी दिवस मी काही बोलायला गेले की ती म्हणायची, हे माया धरून की सोडून? लेथवाल्याकडे पुन्हा जाऊन मान खाली घालून सगळं सांगितलं. तो हसला नाही. तेवढी जाडी त्यानं खरवडून दिली आणि तबकडी चिमटीत बरोबर मधे आली.

मग नवे पाइप, रबरी होज, केबली. केबली लांब होत्या, त्या वळवून बांधल्या. शेवटी राहिलं हवा काढणं. ब्रेकच्या पाइपात तेल असतं, आणि त्यात हवेचा बुडबुडा राहिला की पाय दाबल्यावर तो बुडबुडाच दबतो, ब्रेक लागत नाही. त्यासाठी दोघं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं गाडीखाली जाऊन कॅलिपरवरचा छोटा नट किंचित सैल करायचा, बुडबुडे आणि तेल बाहेर आलं की नट आवळायचा, मग पेडल सोडायचं. मी बारीक अंगाची, म्हणून मी गाडीखाली. गाडी स्टँडवर चढवलेली, पाठीखाली जुनी सतरंजी, हातात पाना. ताई आतून ओरडायची "दाबलं", मी नट सोडायची, मी ओरडायची "आवळलं", ती पाय उचलायची.

दिवसभर हे केलं. पेडल मऊ. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. पेडल मऊच. तेल निघायचं, थोडी हवा निघायची, आणि तरी शिकणाऱ्याच्या बाजूचं पेडल दाबून बघितलं की ते स्पंजावर पाय दिल्यासारखं आत जायचं. सगळे जोड पुन्हा आवळले, कुठे गळती नाही. ताईची चिडचिड व्हायला लागली, आणि ती चिडली की बोलत नाही, जे मला अजिबात सोसत नाही. नर्स ड्युटी संपवून जाताना शेडपाशी थांबायची, काही न विचारता आत डोकवायची आणि जायची.

गॅरेजवाला एका संध्याकाळी स्वतःहून आला. बघायला आला होता की दात विचकायला, देव जाणे. ड्रायव्हरच्या सीटवरचं सामान सारून बसला, पेडल दाबलं, पुन्हा दाबलं आणि उतरला. तुमच्या या मास्टर सिलिंडरचा जीव लहान आहे, म्हणाला. डिस्कच्या पिस्टनला तेल जास्त लागतं, तेवढं हा पुरवू शकत नाही. हे होणारं काम नव्हतंच. या वेळी तो हसत नव्हता, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली. ताईनं त्याला एवढंच विचारलं की झालं का तुझं बघून? तो गेला. ती तिथेच बोनेटला टेकून उभी राहिली, आणि मी माझ्या बहिणीला पहिल्यांदा म्हातारी झालेली पाहिली. मला रडू आलं. मी दुकानात जाऊन मशीन चालू केलं, सुईत दोरा न ओवताच.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी भाचा बसनं येऊन हजर. बरोबर खोकी बांधायच्या दोऱ्या. हा मुलगा वाईट नाही, हे मी आधीच सांगितलंय, पण त्या दोऱ्या बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजून नापास व्हायची आहे गाडी, तोवर तरी दम धर, मी म्हटलं. मावशी, शब्द तिनंच दिला होता, तो म्हणाला. शेडमध्ये जाऊन त्यानं गाडीकडे पाहिलं, वाकून पेडल हातानं दाबलं, ते आत गेलं. मग तो वर गेला आणि तिची भांडी कागदात गुंडाळायला लागला. छतातून खाली आवाज येत होता, एकेक भांडं ठेवल्याचा.

"चल, आणखी एकदा," ताई म्हणाली.

मी गाडीखाली शिरले. दाबलं, सोडलं, आवळलं. दाबलं, सोडलं, आवळलं. वरून भांड्यांचा आवाज, खाली माझ्या कोपरावरून तेल ओघळतंय, आणि माझा संयम संपला. एका झटक्यात नट सैल झाला आणि तेलाची चिळकांडी थेट माझ्या तोंडावर आली. मी शिव्या मोजत बाहेर सरपटले, पदरानं तोंड पुसलं, आणि तिला चांगली झापायची म्हणून गाडीच्या खिडकीशी गेले. ड्रायव्हरच्या सीटवर कुणी नव्हतं. तिथे खोकी, पाने, जुन्या स्प्रिंगांची पिशवी. ताई शेजारच्या सीटवर बसलेली, ताठ, डोळे समोर रस्त्यावर असल्यासारखे, आणि पाय तिच्या स्वतःच्या पेडलवर.

"तू तिथे का बसलीस?" मी विचारलं.

"मग कुठे बसू?" ती म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा बदलला.

तिचं ते पेडल म्हणजे शिकणाऱ्याला वाचवण्यापुरतं. दांड्याला मधे ढिलाई आहे, ते पूर्ण तळाला जातच नाही, गाडी थांबेल इतकंच खरं पेडल खाली ओढतं. इतके दिवस ती अर्ध्याच पावलानं तेल ढकलत होती. बुडबुडा पाइपात थोडा पुढे जायचा आणि तिनं पाय उचलला की परत मागे. ड्रमला तेल थोडं लागतं, तिथे हे खपूनही गेलं असतं. दुसऱ्या कुणाच्याही गाडीत हे घडलं नसतं, कारण दुसऱ्या कुणाच्या गाडीत चुकीच्या जागी बसून दाबायला पेडलच नसतं. मी शेडच्या खांबाला धरून हसले. माझ्या मायेचा हिशेब व्याजासकट चुकता झाला होता. ताई म्हणाली, हसून झालं असेल तर ती खोकी उचल.

ती ड्रायव्हरच्या बाजूला बसली. पेडल पार तळापर्यंत दाबलं. मी खाली नट सोडला, आणि कॅलिपर असा फुरफुरला की माझ्या हातातला पाना हलला. किती हवा ती. पुन्हा, पुन्हा, मग दुसऱ्या चाकाला. शेवटी नुसतं तेल आलं, स्वच्छ, एका धारेनं. ताईनं पेडल दाबलं आणि ते टणक होऊन वरच थांबलं. ती तशीच पाय दाबून बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "लागला गं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिनं लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आम्ही तिघं गेलो. साहेब गाडीखाली बॅटरी घेऊन बराच वेळ होते. प्लेट बघितली, बोल्ट ठोकून बघितले. एक होज चाक वरखाली झाल्यावर घासेल, म्हणाले, इथे क्लिप लावा, आणि त्यांचं बरोबर होतं. ताईनं तिथल्या तिथे क्लिप लावली. चाकं फिरवून ब्रेक तपासणाऱ्या रोलरवर मागची दोन्ही चाकं सारखी धरली. मग चढ. तिथे साहेब स्वतः चालवणार होते आणि ताई शेजारी बसली. आम्ही बाजूला उभे. साहेब म्हणाले, बाई, तुमचा पाय पेडलवर आहे, तो काढा. तिनं काढला आणि नकळत पुन्हा ठेवला. साहेबांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा ताईनं चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसली. साहेबांनी अर्ध्या चढावर थांबून हँडब्रेक ओढला आणि दोन्ही पाय उचलले. भाच्यानं माझा दंड धरला होता, इतका घट्ट की नंतर वळ दिसत होते. गाडी तसूभरही हलली नाही.

पास झाली. साहेबांनी विचारलं की काम कुणाकडून केलंत? घरीच, ताई म्हणाली, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, हिनं बेतलं. मी मान वर करून उभी राहिले. का राहू नये?

परत निघताना भाचा म्हणाला, आई, तू दमलीस, मी चालवतो. तिनं किल्ली दिली. तो स्टिअरिंगपाशी, ती शेजारी, मी मागे. तो मोकळेपणानं बोलत होता, खरंच खूश होता, आईचं कौतुक करत होता. मोठ्या चौकात आमच्या घराकडे डावीकडे वळायचं असतं. तो वळला नाही. सरळ निघाला, त्याच्या गावच्या रस्त्याला. पास झाली ते झालीच, म्हणाला, पण आता आठ दिवस तरी चल, आराम कर, मग बघू. तुझी बॅग सकाळीच डिकीत ठेवलीय.

"मग बघू" म्हणजे काय ते मला कळलं. मी तोंड उघडणार इतक्यात गाडी जागच्या जागी थांबली. चौकाच्या ऐन मधोमध, चारी चाकं एकदम, सरळ रेषेत, जराही शेपूट न हलवता. ताईनं पाय दाबून धरला होता. मागे हॉर्न सुरू झाले. भाच्यानं ॲक्सिलरेटर दिला, इंजिन ओरडलं आणि बंद पडलं. तो तिच्याकडे बघत राहिला.

"तुझ्या घरी मी येईन," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मला यावंसं वाटेल तेव्हा येईन, पाहुणी म्हणून येईन, आणि या गाडीनं येईन. उद्या सकाळी त्या नर्सचा चढाचा धडा आहे. वळव."

हॉर्न वाढले. कुणीतरी खिडकीतून काहीबाही ओरडलं. भाच्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं, मावशी काहीतरी बोलेल म्हणून. मी पहिल्यांदाच गप्प बसले. मला काही बोलायची गरजच नव्हती. त्यानं किल्ली फिरवली, इंजिन चालू केलं, आणि स्टिअरिंग घराच्या दिशेनं वळवायला घेतलं.

"आधी इंडिकेटर," ताई म्हणाली.

त्यानं इंडिकेटर दिला. मग ताईनं पाय उचलला.